बाथरूममधला गटाराचा वास : फरशी फोडण्याआधी

बाथरूममध्ये गटाराचा वास यायला लागला की पहिला आळ साफसफाईवर येतो. घरातली बाई पुन्हा एकदा फरशी घासते, कामाला येणाऱ्या मावशींना दोन शब्द ऐकावे लागतात, फिनेलची बाटली निम्मी होते. तासाभराने वास परत हजर. मग प्लंबर येतो, फरशीवर टकटक करतो आणि ‘खालून लाइन गेलीय, फोडावं लागेल’ असं सांगतो. या दोन्ही टोकांना जाण्याआधी थोडा शोध घेतला, तर बहुतेक घरांत ना कुणावर रागवावं लागतं, ना फरशी फोडावी लागते. चांगलं घासूनही न जाणारा वास म्हणजे ड्रेनेजच्या पाइपातली हवा कुठल्या तरी वाटेने खोलीत शिरते आहे. ती वाट शोधायला एक बादली, टॉर्च, काही प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी आणि एक रात्र पुरते.

आधी हे समजून घेऊ की एरवी हा वास का येत नाही. तुमच्या बाथरूमचा प्रत्येक पाइप शेवटी चेंबरला, सेप्टिक टँकला किंवा रस्त्याखालच्या मलवाहिनीला जोडलेला आहे. पाणी खाली जाण्याचा रस्ता तोच, आणि हवा वर येण्याचाही तोच. मध्ये अडसर असतो तो फक्त पाण्याचा. फरशीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये, कमोडच्या वळणात, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं आणि खालची हवा अडवतं. चांगल्या नहाणी ट्रॅपमध्ये हा पाण्याचा थर ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असायला हवा. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात पाणी साठवणारं हे वळण होतं. तेव्हापासून तत्त्व तेच राहिलं आहे. घर चाळीतलं असो की पंचविसाव्या मजल्यावरचं, मैल्याच्या हवेपासून तुम्हाला वेगळं ठेवणारी गोष्ट म्हणजे हे दोन इंच पाणी. म्हणून शोधाचा पहिला प्रश्न असा : कुठलं पाणी नाहीसं झालं आहे, किंवा कुठली हवा पाण्याला वळसा घालून येते आहे?

त्याही आधी वास नेमका कसला आहे ते ठरवा. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. पण नाक त्याला लवकर सरावतं. पंधरा मिनिटं बाथरूममध्ये उभं राहून ‘आता नाही येत’ म्हणणाऱ्याचं खरं मानू नका. तपासणीच्या अधूनमधून मोकळ्या हवेत जाऊन या, किंवा बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. शाळेतून घरी आलेली मुलं दारातच नाक मुरडतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाणी सोडल्यावर येत असेल, तर ड्रेनेजच्या मागे लागू नका. एका ग्लासात गीझरचं पाणी घ्या, बाल्कनीत जा आणि तिथे हुंगा. ग्लासाला वास असेल तर दोष टाकीत आहे. बोअरच्या पाण्यात सल्फेट असेल आणि गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असेल, तर तिथल्या जिवाणूंमुळे असा वास तयार होतो. त्यासाठी गीझरचा मेकॅनिक लागतो, प्लंबर नाही. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास भिंतीतल्या ओलीचा. गोडसर आणि दोन-तीन दिवसांत वाढत जाणारा वास बहुधा फॉल्स सीलिंगमध्ये किंवा डक्टमध्ये मेलेल्या उंदराचा. हे वगळून जो उरतो, त्याच्याविषयी पुढे.

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय : प्रत्येक जाळीत पाणी ओता. आंघोळीच्या जागेच्या जाळीत पाणी असणारच, कारण ती रोज वापरात आहे. जिथे पाणी जात नाही त्या जाळ्यांकडे बघा. पूर्वी आपल्याकडे अख्खी मोरी ओली व्हायची, त्यामुळे ट्रॅप कोरडा पडण्याचा प्रश्नच नव्हता. आता काचेचं पार्टिशन टाकून ओला भाग आणि कोरडा भाग वेगळा करतात. कोरड्या भागात, बेसिनजवळ किंवा कमोडच्या मागे, दुसरी नहाणी असतेच. तिथे महिनोन्‌महिने थेंबही पडत नाही, कारण ती बाजू आपण मॉपने पुसतो. पाण्याची हळूहळू वाफ होते आणि एका दिवशी खालचा पाइप आणि तुमची खोली यांच्यात काहीच उरत नाही. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, ड्राय बाल्कनीत आणि सुट्टीत गावी गेल्यावर बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये हेच होतं. अशा प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी सावकाश सोडा आणि दोन-तीन तास थांबा. वास गेला तर शोध तिथेच संपला. मग आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओतायचं, एवढंच लक्षात ठेवा. महिनाभर घर बंद राहणार असेल तर पाणी ओतल्यावर वरून दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. त्याचा तवंग पाण्याची वाफ होऊ देत नाही. खाण्याचं तेलही चालतं, पण ते पुढे खवट होतं.

ही गोष्ट क्षुल्लक वाटते, म्हणून हाँगकाँगचं उदाहरण देतो. २००३ मध्ये सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. सरकारी तपासात जी कारणं पुढे आली त्यांत एक होतं बाथरूमच्या फरशीतले कोरडे पडलेले ट्रॅप. लोक फरशी धूत नव्हते, पुसत होते. वर दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू केला की तो मलवाहिनीतली हवा घरात ओढून घ्यायचा. आपल्या नव्या बाथरूमची रचना आणि सवयी नेमक्या त्याच वळणावर चालल्या आहेत. म्हणून कोरड्या भागातल्या जाळीविषयी मी इतकं आग्रहाने लिहितो आहे.

पाणी ओतूनही वास राहिला, तर जाळी उचला. अनेक नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक सुटी वाटी किंवा टोपी असते. पाण्याचा अडसर तयार होतो तो तिच्यामुळे. केस अडकले की साफ करताना ती काढली जाते आणि पुन्हा नीट बसत नाही, किंवा पाणी लवकर जावं म्हणून मुद्दाम बाजूला ठेवली जाते. वाटी नसेल तर त्या जागी उघडा पाइप आहे असंच समजा. बाजारातून आणताना जुनी वाटी सोबत न्या, माप थोडं चुकलं तरी उपयोग नाही. वाटी जागेवर असेल तर टॉर्च मारून पाणी दिसतं का ते पाहा. ट्रॅपच्या कडेवरून पाइपात लोंबणारी केसांची बट किंवा पोछ्याचा दोरासुद्धा दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून खाली सोडत राहतो. संध्याकाळी भरलेला ट्रॅप सकाळी रिता दिसला, तर आधी हे केस काढा.

यानेही उलगडा झाला नाही तर रात्रीची तपासणी करा. झोपण्याआधी बाथरूमची फरशी पूर्ण कोरडी करा. प्रत्येक जाळीवर प्लास्टिकची पिशवी पसरून चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावा. बेसिनचं भोक आणि त्याच्या वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं भोक, दोन्ही झाका. वॉशिंग मशीनचा पाइप ज्या तोंडात खोचला आहे ते, एसीच्या पाण्याची नळी जिथे सोडली आहे ते, नूतनीकरणात वापरातून गेलेलं एखादं पाइपाचं तोंड, सगळं झाका. कमोडवर प्लास्टिक ताणून लावा. फॅन बंद, खिडकी बंद, दार बंद. सकाळी मोकळ्या हवेतून येऊन दार उघडा. वास नसेल, तर गुन्हेगार झाकलेल्यांपैकीच एक आहे. एकेक पिशवीचा कोपरा उचला, हुंगा, पुन्हा लावा, बाहेर जाऊन या, मग पुढची. सगळं झाकूनही वास असेल, तर वाट फरशीच्या फटीत, कमोडच्या बुडाशी, भिंतीत किंवा खिडकीत आहे. हा निकाल कागदावर लिहून ठेवा. प्लंबरशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो, कारण मग तुम्ही ‘वास येतो’ एवढंच सांगत नाही, कुठून येतो ते सांगता.

खिडकीचं वेगळं सांगायला हवं. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि सगळे पाइप त्याच डक्टमधून उतरतात. खाली गली ट्रॅप किंवा चेंबर असतं. वरच्या कुणाचा पाइप जोडावर फुटला असेल किंवा खालचं झाकण तुटलं असेल, तर वास डक्टमधून तुमच्याकडे येतो. खिडकीच्या काचा घट्ट लावून, फटी टेपने बंद करून एक दिवस पाहा. वास थांबला तर तुमच्या बाथरूममध्ये काहीच बिघाड नाही. घरातलं काही फोडू नका, सोसायटीला कळवा.

एक्झॉस्ट फॅनही खूप काही सांगतो. फॅन लावल्यावर वास कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर फॅन बाहेर टाकलेल्या हवेची भरपाई कुठल्यातरी पाइपातून होते आहे. फॅन चालू ठेवून टिश्यू पेपरची पातळ पट्टी प्रत्येक जाळीजवळ, बेसिनखालच्या भिंतीतल्या भोकाजवळ धरा. जिथे ती वर उडते तिथून हवा येते आहे. उदबत्तीचा धूर वापरण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण ड्रेनेजच्या वायूत मिथेन असतो आणि तो पेट घेतो. कुठल्याही पाइपाच्या तोंडाशी जळती वस्तू नेऊ नका.

आता बेसिन. आपल्याकडे बेसिनखाली बहुतेक ठिकाणी वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप लावलेला असतो. तो सरळ भिंतीतल्या किंवा फरशीतल्या मोठ्या पाइपात खोचून दिलेला असतो आणि मधली फट तशीच राहते. पाइपाला वळण नाही म्हणजे पाण्याचा अडसर नाही, आणि भोवती रबराची रिंग नाही म्हणजे आणखी एक वाट मोकळी. यासाठी बॉटल ट्रॅप बसवून घ्या आणि भिंतीच्या जोडावर रबरी कॉलर लावून घ्या. अख्ख्या बाथरूममधली बहुधा सगळ्यात कमी खर्चाची दुरुस्ती हीच. वॉशिंग मशीनच्या पाइपाचंही तसंच. बेसिनच्या ओव्हरफ्लोच्या भोकातून येणारा वास मात्र वेगळा. तिथे साबण, लाळ, टूथपेस्ट यांचा चिकट थर साचतो आणि कुजतो. बाटली धुण्याचा बारीक ब्रश, गरम पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा यांनी तो निघतो.

कमोडचं पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा खाली दिसत असेल, तर भांड्याला बारीक तडा असेल किंवा पाणी ओढलं जात असेल. पाणी जागेवर असूनही बुडाशी वास येत असेल, तर कमोडवर बसून थोडं डावी-उजवीकडे झुका. तो किंचितही हलत असेल तर मागच्या किंवा खालच्या जोडाचं रबर, ज्याला प्लंबर पॅन कनेक्टर म्हणतात, निसटलेलं असू शकतं. बुडाभोवतीचं पांढरं सिमेंट तडकलेलं दिसेल. रात्री कमोडमध्ये कपड्यांची नीळ टाका आणि एकदा फ्लश करा. सकाळपर्यंत बुडाच्या कडेला निळसर ओल दिसली तर जोड गळतो आहे. वरून सिमेंट लावून हे कधीच नीट होत नाही. कमोड सोडवून, रबर बदलून, पुन्हा घट्ट बसवावा लागतो. चांगल्या माणसाचं हे काही तासांचं काम आहे.

काही घरांत वास ठरावीक वेळीच येतो आणि त्याच्या जोडीला ट्रॅपमधून गुडगुड असा आवाज येतो. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की तुमच्या जाळीतलं पाणी हलतं आणि थोडं कमी होतं. म्हणजे मुख्य पाइपाला वरून हवा मिळत नाही. मोठा लोंढा खाली जाताना मागे पोकळी तयार करतो. ती भरायला गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून हवा यायला हवी. ती वाट बंद असेल तर तुमच्या ट्रॅपमधलं पाणीच खेचलं जातं. अशा वेळी तुम्ही कितीही पाणी ओता, संध्याकाळपर्यंत ते गेलेलं असतं. उपाय गच्चीवर आहे. तिथे जा आणि पाइपाची तोंडं बघा. तोंडावरच्या जाळीदार टोपीत, म्हणजे काउलमध्ये, पक्ष्याचं घरटं असू शकतं. वॉटरप्रूफिंग करताना पाइप कापून बुटका केला असेल. गच्चीवर पत्र्याची शेड घातल्यावर तोंड शेडच्या आत आलं असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गच्चीत वास येतो म्हणून कुणीतरी त्यावर टोपण बसवलेलं असेल. गच्चीतला वास थांबवायचा असेल तर पाइप उंच करायचा असतो, बंद करायचा नसतो.

तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर उलटा त्रास होतो. सकाळी सगळी इमारत एकदम पाणी सोडते, ते खालच्या वळणावर आदळतं आणि दाबली गेलेली हवा तुमच्या ट्रॅपमधून बुडबुडे काढत वर येते. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की हा दाब आणखी वाढतो. म्हणून चांगल्या रचनेत तळमजल्याचे पाइप मुख्य उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरला नेतात. तुमच्या इमारतीत तसं आहे का, हे सोसायटीच्या जुन्या नकाशावर किंवा जुन्या प्लंबरकडून कळतं.

अशा वेळी खर्च कुणाचा, हा वाद हमखास होतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा रोख साधारण असा आहे : ड्रेनेजच्या सामायिक लाइन, सेप्टिक टँक आणि गच्ची ही सोसायटीची जबाबदारी, तर स्वतःच्या संडास-बाथरूममधली अंतर्गत गळती सभासदाची. म्हणून तपासणीचे निकाल तारखेसह लिहून, फोटो जोडून अर्ज द्या. तोंडी तक्रार पुढच्या मीटिंगपर्यंत विसरली जाते.

चेंबर किंवा सेप्टिक टँक उघडायची वेळ आली, तर एका गोष्टीत तडजोड करू नका. कुणालाही आत उतरवू नका. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड इतका साचू शकतो की दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेल्यावर नाकाला त्याचा वास कळेनासा होतो. ‘वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ हा समज म्हणूनच जीव घेतो. त्याहून जास्त प्रमाणात माणूस काही श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँक यांची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं गुन्हा ठरवला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही स्वस्तात काम होतं म्हणून सोसायट्या कुणालातरी बोलावतात, हे संतापजनक आहे. महापालिकेची किंवा परवानाधारक ठेकेदाराची सक्शन गाडी मागवा, काम बाहेरूनच होऊ द्या, आणि कमिटी दुसरं काही ठरवत असेल तर लेखी विरोध नोंदवा.

घरातही काही गोष्टी टाळा. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच पडलं की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. ट्रॅपमध्ये तीव्र अॅसिड ओतल्याने साचलेल्या गाळातून उलट हायड्रोजन सल्फाइडच बाहेर पडू शकतो. जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे, पण त्या नॅफ्थलीनच्या असतात. जी सिक्स पी डी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटू शकतात. आणि वास झाकला गेला तरी वाट उघडीच राहते.

सगळं झालं, प्रत्येक तोंड तपासलं, गच्ची पाहिली, कमोड सोडवून बसवला आणि तरीही वास फरशीखालून येतो आहे, खालच्या घराच्या छतावर डागही दिसतो आहे, तर मात्र फोडणं भाग आहे. बाथरूमखालच्या खोलगट भरावात ट्रॅपचा किंवा पाइपाचा जोड गळत असतो आणि तो भराव मुरत राहतो. फक्त ट्रॅपभोवतीचा भाग आधी उघडून घ्या. बऱ्याचदा जोड तिथेच सुटलेला असतो आणि संपूर्ण फरशी वाचते. ट्रॅप नवा घेताना पाण्याचा थर दोन इंच राहतो का, हे दुकानातच पट्टीने मोजा. जोड झाल्यावर, वॉटरप्रूफिंगनंतर, पाइपाचं तोंड बंद करून त्या खड्ड्यात पाणी साठवा, कडेला पेन्सिलने पातळीची खूण करा आणि २४ तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी खूण बघा, खालच्या घरी जाऊन छत बघा. ठेकेदार घाई करेल, मिस्त्री उद्या दुसरीकडे जायचंय म्हणेल. हे २४ तास होईपर्यंत टाइल लावू देऊ नका आणि शेवटचा हप्ताही देऊ नका.